गादी वाळत घालताना

रात्री पावणेतीनला इंद्रजित मला हाक मारत नाही.
नुसता येऊन उभा राहतो उशाशी,
पायजम्याची नाडी मुठीत धरून.

"आई, ते झालं."
"बरं."

एवढंच म्हणायला शिकले, त्याला वर्ष लागलं.
आधी मी पुष्कळ बोलायचे.
झोपताना पाणी किती ढोसलंस,
पाच वर्षांचा घोडा झालास,
धाकटी बघ, कोरडी आहे की नाही.
वाक्यं तोंडात तयारच होती,
आईच्या आवाजात, आईच्या हेलासकट.

उत्तरेश्वर पेठेत आई माझी चादर
मुद्दाम रस्त्याकडच्या दोरीवर घालायची.
बघू देत सगळ्यांना, मग सुटंल सवय.
सुटली नाही.
गंगावेशीत दुधाला जाताना मी
मागच्या बोळातून जायचे, खाली बघत.
कट्ट्यावरच्या म्हशीसुद्धा
माहीत असल्यासारख्या बघायच्या.

आता मोठा दिवा लावत नाही.
मोरीतल्या बल्बचा उजेड पुरतो.
पायजमा बादलीत टाकायचा, हे त्याचं काम.
चादर ओढायची, हे माझं.
ओल्यावर सतरंजी दुमडून पडतो दोघं.
त्याचे पाय गारढोण.
ते माझ्या पोटऱ्यांत घेते.

चिडते अजून, नाही असं नाही.
परवाच बुटाच्या बंदावरून ओरडले,
खाली मामा हॉर्न देत होते म्हणून.
मग जिना उतरून
रिक्षात डोकं घालून म्हटलं,
"चुकलो रे मी."
दप्तरांच्या ढिगातून सात पोरं
तोंड उघडं टाकून बघत राहिली.

पण सांगायचं होतं ते गादीचं.

पलीकडच्या गच्चीवर शेंडगेकाकू
चटणीच्या मिरच्यांची देठं काढत होत्या.
"काय गं, परत गादी?"
"तांब्या कलंडला हो रात्री."
गादीचं एक टोक त्याच्या हातात होतं.
त्यानं माझ्याकडं बघितलं,
मग डागाकडं.
"तांब्या?" हळूच म्हणाला.

आईची दोरी रस्त्याकडं होती,
माझा तांब्या घरातल्या घरात.
ऐकणाऱ्या पोराला दोन्हींतून
एकच ऐकू आलं असणार.

पुढच्या रविवारी पुन्हा गादी, पुन्हा काकू.
"व्हय काकू, रात्री ओली झाली.
वाळंल की उन्हात."
माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

काकूंचा हात मिरचीवर थांबला.
"आमचा दिग्या आठवीपर्यंत..."
म्हणाल्या, आणि जीभ चावली.
दिग्या म्हणजे तोच, जो बुलेटवरनं
रात्री अख्खी गल्ली उठवतो.

मी काही बोलले नाही.
काकूही पुन्हा देठांकडं वळल्या.

इंद्रजितनं टोक खाली ठेवलं
आणि बोटं मोजायला लागला.
मोठा गट, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.
एक हात संपला.
दुसऱ्या हातात गादीची चिमटी होती,
ती काही सोडवेना.
मग त्यानं माझी बोटं घेतली.