चिपटंभर

शून्य म्हणजे काहीच नाही,
दहा म्हणजे सोसवेना.
कागदावरची पट्टी दाखवत मी समजावते
आणि धारूरच्या केवळाबाई तिडके
पट्टीकडं न बघता माझ्याकडं बघतात.
"तुला किती पाहिजेत, बाई?"

अंबाजोगाई. रात्रीचे अडीच. बायकांचा वॉर्ड.
दुपारी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं:
चार भोकं, चार पट्ट्या,
चिंचोक्याएवढे सात खडे उशाशी बाटलीत,
येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.
माझ्या प्रबंधातली ही सदतिसावी ओळ.
सिरिंज 'अ' किंवा सिरिंज 'ब',
एकीत ट्रॅमाडॉल, दुसरीत नॅलबुफिन,
कुणाला काय गेलं ते बंद पाकिटात,
पाकीट सरांच्या कपाटात.
मी फक्त विचारायचं,
दोन तासांनी, सहा तासांनी, बारा तासांनी:
किती दुखतंय? मळमळ? खाज? गुंगी?

शेजारच्या खाटेवरची पोर ओकते आहे.
तिला 'अ' गेलं असावं, असं वाटतं.
मला असं काही वाटायची परवानगी नाही.

केवळाबाईंची पिठाची गिरणी आहे.
"आकड्यात न्हाई सांगता येत," त्या म्हणतात,
"मापात सांगते.
सुद्दीवर आले तवा पायलीभर व्हतं.
दिवे लागले तवा अधोली.
आता चिपटं आसंल.
पण शिगोशीग."

मी लिहिते: चिपटं.
रकाना आकड्याचा आहे.

मग त्या उजवा खांदा दाबून धरतात.
"भोकं पोटाला पाडले, खांदा कोन बडिवला?"
मी सांगते, आतलं नीट दिसावं म्हणून
पोटात वायू भरतात, फुग्यासारखा.
सगळा परत निघत नाही.
उरलेला वर जाऊन पडद्याला टेकतो
आणि पडद्याचं दुखणं खांद्यात बोलतं.
"म्हंजी पाव्हना एकाच्या घरी
अन् जेवन दुसऱ्याच्या."
हसतात, हसताना पोट धरतात.
हसताना, खोकताना, असाही एक रकाना आहे.
त्यात मी पाच लिहिते. तो आकडा माझा.

खांद्याला रकाना नाही.
तिथं दोन्ही सिरिंजांचं फारसं चालतही नाही.

पाकिटं फाल्गुनात उघडली.
केवळाबाईंना 'ब' होतं.
ओकाऱ्या 'अ'मध्ये जास्त, गुंगी 'ब'मध्ये,
आणि दुखण्याच्या बाबतीत
नोंद घेण्याजोगा फरक नाही.
साठ बायकांच्या साठ रात्री,
त्यांचं हे एवढं एक वाक्य.

सदतिसाव्या ओळीला सरांनी लाल गोल केला.
चिपटं म्हणजे किती?
वॉर्डबॉय म्हणाला, अर्धा शेर.
लातूरकडचे क्लार्क म्हणाले, छे, आमच्याकडं पाव.
फॉर्मवर फोन नंबर होता, लावला.
पलीकडे चक्कीची घरघर,
डबे आपटल्याचे आवाज,
आणि त्या सगळ्यावरून एक ठणठणीत हाळी:
"कोन? ऐकू येईना!
दळन झालंय, सांच्याला न्या!"