अर्धं डोकं

बाराओनात शनिवारी दुपारी लाईट गेली
तेव्हा नुरिसचं अर्धं डोकं सरळ झालं होतं.
डावी बाजू खांद्यापर्यंत, इस्त्रीच्या पडद्यासारखी.
उजवी कानाच्या वरच थांबलेली, ओली,
एकेक वेटोळं आपल्या जागी परत जाऊन बसलेलं.

फियोरबाईंनी ड्रायर हलवून पाहिला,
बाटलीच्या तळाशी थोडा वारा उरला असेल तर.
मग वीज कंपनीला शिवी घातली,
आणि समुद्रालाही,
कारण दमट हवा तोच पाठवत होता आत, फुकट.

मी तेव्हा सोळाची. केस धुवायला होते.
मला डोकी नळाखाली माहीत होती:
कुणाच्या मानेवर जुन्या केमिकलचा पांढरा डाग,
कुणाची कानामागची बट, कात्रीतून सुटलेली.
पाण्यात सगळ्यांचे केस खरं बोलतात.
मग रोलर, जाळी, चाळीस मिनिटं गरम टोपाखाली,
आणि ते दुसऱ्याच कुणाचे तरी होऊन घरी जातात.

आमच्या गावात केस दोनच प्रकारचे, चांगले आणि वाईट.
चांगले वाऱ्यावर उडतात.
वाईट म्हणजे माझे.
शाळेतून एकदा चिठ्ठी आली होती:
मुलीला विंचरून पाठवावे.
आईने ती दोनदा वाचली.
त्या सकाळी तिने तासभर विंचरलं होतं.

पाच वाजले. सहा. थर्मासमधली कॉफी संपली.
ड्रायर बंद, तरी बायका ओरडूनच बोलत होत्या,
मग एकेकीला कळलं
आणि आवाज खाली आले.

नुरिसच्या भाच्याचं दुसऱ्या दिवशी लग्न.
ती आरशात तोंड इकडून तिकडे फिरवत होती.
"ही बँकेत जाते," ती डावीकडे बघून म्हणाली.
"आणि हिला मी शेवटचं पाहिलं तेव्हा
दुधाचे दात पडत होते."
जरा वेळाने: "हिचं काय करतात?"

एकतीस वर्षं केसांत घालवलेल्या फियोरबाई,
मनगटाला पट्टा, बोटांवर ब्रशचे घट्टे.
म्हणाल्या, "मला नाही माहीत."

मी डोक्याचा रुमाल सोडला.

मला तरी कुठे नीट माहीत होतं?
रात्री न्हाणीघरात दार लावून जे जमलं तेवढंच.
फियोरबाई पोटासाठी जवस उकळून प्यायच्या,
तोच डबा काढला. गॅसवर पाणी,
दाट झाल्यावर जुन्या मोज्यातून पिळलं,
अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत रस, बोट भाजणारा.

"डावीकडे पण ओत," नुरिस म्हणाली.
"विचार कर. पैसे दिलेत."
"ओत गं."

ओतलं.
आधी काहीच नाही. मग टोकं हलली,
मग मधेच कुठेतरी एक वळण, एक गाठ,
गर्दीत नावाने हाक मारल्यासारखी
बट मागे वळली.
मी बोटाभोवती एकेक गुंडाळत गेले,
फियोरबाईंनी मेणबत्ती धरली होती,
मेण त्यांच्या अंगठ्यावर, तरी त्या वाकूनच.

कपाळाजवळचे काही केस मात्र
कितीही पाणी दिलं तरी सरळच लोंबत राहिले.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात.
काही ठिकाणी जातो.
नुरिसने ते दोन बोटांत धरले,
म्हणाली, असू देत, कापू नकोस.

साडेनऊला अख्खी गल्ली ओरडली: लाईट आली!
टेबलावरचा ड्रायर आपोआप सुरू झाला
आणि उलट्या पडलेल्या भुंग्यासारखा
स्वतःभोवती फिरत राहिला.
कुणी उठलं नाही.
शेवटी फियोरबाईंनी वायर ओढली.

"किती झाले?" नुरिसने पर्स उघडली.
फियोरबाईंनी भिंतीवरचा दरांचा फळा वाचला,
वरपासून खालपर्यंत, जणू दुसऱ्या कुणी लिहिलाय.
"अर्ध्या डोक्याचे दे."

"कुठल्या अर्ध्याचे?"