रुझारचा भोंगा

चोडणच्या शाळेत सकाळी
घंटेआधी भोंगा येतो.
दोनदा लांब, एकदा तोकडा,
मग खुरसाजवळच्या वळणावरून रुझारची सायकल,
मागे वेताची टोपली, वर निळं प्लास्टिक,
खाली उंडे, पोळे आणि काकणं
अजून वाफेत.

रुझारला ऐकू येत नाही, जन्मापासून.
बोलायला गेला की घशातून
होडी वाळूवर ओढावी तसा आवाज निघतो.

त्या आवाजाची नक्कल उर्वेश फार हुबेहूब करायचा.
मधल्या सुट्टीत, फणसाखाली,
मान तशीच, हात तसेच,
आणि तिसरीचा अख्खा वर्ग हसून लोळायचा.
मी त्याचा कान धरला.
मग वाटलं, कान धरून काय होणार,
नीट धडाच द्यावा.

पणजीहून कापसाचं पुडकं आणलं.
बावीस मुलं, चव्वेचाळीस कान.
पंधरा मिनिटं गप्प बसा, म्हटलं, आणि समजून घ्या.
(ते त्यांना ऐकूच गेलं नाही, हे मागाहून लक्षात आलं.)
उर्वेश दुप्पट ओरडत राहिला.
मनवा रडली.
कुणी बोळा नाकात घातला.
वेळ संपली तसे सगळ्यांनी बोळे फेकले
आणि सुटल्यासारखा श्वास घेतला.
दुर्गेश म्हणाला, बिचारो रुझार.
बाकीचे म्हणाले, बिचारो.
मला वाटलं, धडा पोचला.

दुसऱ्या दिवशी दुर्गेशने पाच उंडे घेतले
आणि उरलेले पैसे परत घेईना.
रुझारने ते मोजले,
पोराची मूठ उघडून आत ठेवले,
एकेक बोट मिटलं.
मग माझ्याकडे पाहिलं.
अकरा वर्षं तो मला पाव देतो,
असं कधी पाहिलं नव्हतं.

लिओनाने विचारलं, टीचर,
भोंगा वाजला की नाही, हे त्याला कसं कळतं?
मला माहीत नव्हतं.
अकरा वर्षं.
त्यालाच विचार, म्हटलं,
दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

तिने भोंग्याकडे बोट केलं, कानाकडे केलं,
तळवा उताणा केला.
रुझारने सायकल भिंतीला टेकली.
तिचा एक हात रबराच्या फुग्यावर ठेवला,
दुसरा पितळेच्या तोंडावर,
आणि दाबला.
तिच्या कोपरापर्यंत काहीतरी गेलं, ती दचकली.
मग त्याने एकेक दाखवलं:
नाइकांचा कुत्रा उठला.
आनासतासियाबाईचा पडदा हलला.
वरच्या घरातून कुणीतरी
एका पायात चप्पल घालून पायरीवर आलं.
रुझारने छातीवर हात ठेवला.
हे मी ऐकतो, असं म्हणाला असावा.

उंडा म्हणजे मूठ.
पोळा म्हणजे तळव्यावर तळवा.
काकण, दोन बोटांचा वेढा.
गरम म्हणजे फुंकर, उद्या म्हणजे
खांद्यावरून पुढे टाकलेला हात.
नावंही ठेवलीत त्याने सगळ्यांना:
उर्वेश म्हणजे पडलेला दात,
मनवा म्हणजे दोन वेण्या,
मी म्हणजे नाकावरून घसरणारा चष्मा.

सगळ्यांत लवकर उर्वेशच शिकला.
मान तशीच, हात तसेच.
नकलेला जे लागतं तेच याला लागतं,
फक्त त्या माणसाकडे
तोंड करून उभं राहावं लागतं.

परवा फळ्यावर आठाचा पाढा लिहीत होते.
मागे इतकी शांतता, की मी वळले.
सगळा वर्ग बोलत होता.
हात चालू, भुवया चालू,
आणि मध्येच कुणाच्या तरी नाकावरून
चष्मा घसरत होता.

काय म्हणताय रे?
उर्वेशने पुन्हा करून दाखवलं, सावकाश.
नाही कळलं.
आणखी एकदा दाखवलं.

बिचारी, असं कुणी म्हणालं नाही.