धुवण

चाकणच्या प्लांटमध्ये आमचे मॅनेजर कोरियन,
आडनाव मा.
पुढे साहेब लावलं की अख्खी शिफ्ट
गालातल्या गालात हसायची.
त्यांचं वय साठ, कातडी पस्तिशीची.
आमचं उलट.

एकदा कॅन्टीनमागे मावशी तांदूळ धूत होत्या,
पाणी मोरीत सोडणार, तेवढ्यात साहेब पुढे झाले,
ओंजळ धरली, तोंडावर घेतलं,
आणि डोळे मिटून
बोटांनी गाल थोपटत उभे राहिले.
मोडक्या हिंदीत म्हणाले, माझे वडील. रोज.
समुद्रावरून आल्यावर.
मावशी म्हणाल्या, अहो, धुवण आहे ते,
म्हशीला घालतात.

नोकरी सोडली तेव्हा घरी सांगायला
माझ्याकडे तेवढाच एक शब्द होता.

धनकवडीतला फ्लॅट, बायकोचा मिक्सर,
कामशेतहून आणलेला इंद्रायणी,
दोन दिवस भिजत ठेवला की जिन्यापर्यंत आंबूस वास,
आणि दाराला चेअरमनची चिठ्ठी:
कृपया लेखी खुलासा करावा.
शार्दूल, माझा पार्टनर, केमिस्ट्रीचा.
तो पीएच मोजायचा, मी हप्ते.
नावावरून तीन आठवडे भांडलो.
त्याला काहीतरी सोलसारखं ऐकू येणारं हवं होतं.
मी म्हणालो, धुवण.
पुरुष घेणार नाहीत रे.
नाहीतरी कुठे घेतायत?

कोरियात चेहऱ्याच्या दहा पायऱ्या असतात म्हणे.
आमच्याकडे दोन.
तुरटी,
आणि लग्नाच्या आदल्या दिवशी हळद.
त्यानंतर कुणी हात लावलेला नाही.

पहिल्या चाळीस बाटल्या चहाच्या गाळण्यातून भरल्या.
बायकोसाठी हवंय, सगळे म्हणायचे,
पैसे देऊन झाले की खालच्या आवाजात:
दाढीनंतर चालेल ना?

भोसरीच्या फाउंड्रीतले गेनुभाऊ गव्हाणे,
तीस वर्षं भट्टीसमोर एकाच अंगानं उभे,
डावा गाल उजव्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा.
त्यांना एक बाटली फुकट दिली.
नाकाला लावून म्हणाले, वास नाही ना?
घरात विचारतील.
तळहातावर चार थेंब घेतले
आणि थांबले.
घाम पुसायला हात जातो तसा नेला,
परत खाली आणला.
मी माझ्या गालावर करून दाखवलं,
चोळायचं नाही, थोपटायचं.
पोराला निजवतात तसं?
हो, म्हणालो. तसंच.

महिन्याभरानं आले. बाटली रिकामी,
आतून धुतलेली.
म्हणाले, झाकण सैल आहे तुमचं, खिशात सांडतं.
तेवढं सुधारा.
बरं, म्हणालो.

दुसरी मागितली नाही त्यांनी.
पण गेलेही नाहीत.
शेल्फवरच्या बाटल्यांकडे पाठ करून
बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे होते.