हातचा

हिशेब मांडायच्या आधी सांगतो, मशीन चांगली होती.
फॅसिट. हिरवट राखाडी, स्वीडनच्या घराण्यातली.
बनोश्याच्या टेसनावर शकुंतलेतून उतरली तेव्हा
बायकोच्या शालूला नव्हता इतका कागद तिच्या अंगावर.

मी संघाच्या जिनात हिशेबनीस.
पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी
गुरुजींनी छडीनं मुरवलेल्या;
मशीन आली आणि त्या सगळ्या
उन्हाळ्यातल्या घोंगडीसारख्या माळ्यावर गेल्या.

हँडल पुढं फिरवलं की बेरीज,
मागं फिरवलं की वजाबाकी.
भागाकारात एखादा फेरा जास्त झाला
तर आतून घंटी वाजायची : टिंग.
म्हणजे, पुढं गेलास बाबा, एक फेरा परत ये.
माणसाला अशी घंटी बसवलेली नाही.

तिकडं जिनावर पंचफुला तायडे, मुकादमीण.
भुवयांवर रुई, पापण्यांवर रुई,
चाळिशीतच पांढरी दिसायची.
दर बाईमागं रोजचा एक चिंचोका
डालड्याच्या डब्यात.
शनिवारी डबा ओट्यावर उपडा केला :
शंभराचे चार ढीग, वर सदतीस.
रोज तीन रुपये.
"ढिगाचे बाराशे, वरचे एकशे अकरा," ती म्हणाली.
मशीन म्हणाली, बाराशे अकरा.

मी पुन्हा फिरवलं. बाराशे अकरा.
चूक दोनदा तीच आली की खरी वाटायला लागते.
देशकर मॅनेजर म्हणाले,
मशीनला काय पडलंय खोटं बोलायचं?
सदतीस त्रिक अकरोदरसे.
मला झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं.
मी हँडलवर हात ठेवून उभा राहिलो.

"बावू," पंचफुला म्हणाली,
"तुमची मशीन शिकेल हाय, मी अळाणी.
पन माह्या चिंचोक्याले तेल लागत नाही.
बराबर शंभर कमी कसे पडले?
चोर असता तं पाच-धा इकडंतिकडं केले असते."

तीन दिवस जिन बंद.
फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या,
निंबाखाली बाया,
आणि टेबलावर झाकण घालून ठेवलेली ती,
आजारी पाहुणीसारखी.

चौथ्या दिवशी अकोल्याहून यासीन मिस्त्री आला,
आधी मोठी लाइन, मग छोटी, मग दमणी.
चहाच्या बशीत एकेक स्क्रू काढून ठेवला.
चिमट्यानं आतून ओढून काढला
रुईचा पुंजका, तेल पिऊन काळा झालेला,
मुगाच्या दाण्याएवढा.
"नवाचं शून्य झालं की ही जीभ
शेजारच्या चाकाला एक ढोसा देते.
ढोसा द्यायची तेवढी राहिली.
तुमचा हातचा अडकला, साहेब."
बेरीज काय, कुणीही करतं, तो सांगत होता,
हातचा शेजाऱ्यापर्यंत पोचवायला मात्र
मोठमोठ्या डोक्यांची शंभरावर वर्षं गेली.

पंचफुलानं नोटा दोनदा मोजल्या.
चिंचोके डब्यात भरले.
माझ्याकडं पाहिलं नाही,
हे मी बरोबर मोजलं.

परवा संघात गेलो होतो.
प्रणाली इंगळे बसते आता तिथं, कॉम्प्युटरवर.
गाडी काट्यावर चढली की वजन, भाव, रक्कम,
कागद गरम गरम बाहेर.
फॅसिट कपाटावर, उलट्या टोपलीखाली.
मी विचारलं, पोरी, यात हातचा कोण धरतं?
ती हसली. "आजोबा, ते आपोआप होते."

आपोआप.
ती जागा मी पाहिलेली आहे.
करंगळीच्या नखाएवढी असते,
आणि हवेत रुई उडतच असते.