पाणसळ

आधी वाटलं, निब वाकली.
रावपुऱ्यात आमचं रेघा मारायचं जुनं मशीन आहे:
पितळी निबांची रांग, वर निळ्या शाईत भिजलेली फलाणीन,
खालून कागद सरकतो, एकवीस रेघा एकदम उमटतात.
तेरावीला पोक आलं होतं.

निब बदलली. जयंतीभाईंनी फलाणीन धुतली.
पोक तिथंच. मग बाराव्या रेघेला,
मग जिथं बघेन तिथं.
तीन रिमं मी रद्दीत घातली.
जयंतीभाई म्हणत राहिले, "बेन, सीधी तो छे."
मी म्हटलं, तुम्हाला चष्मा लागलाय.

डॉक्टर वैष्णवनं माझ्या डोळ्याचा आतला फोटो दाखवला.
पिवळट थाळी, आणि थाळीच्या काठाला एक राखाडी टिकली.
"हा खळगा. जन्मापासूनचा."
छत्तीस वर्षं तो माझ्याबरोबर होता,
दहावीच्या पेपरांना, अंतरपाटाच्या अलीकडे,
बाबांच्या हातून मशीन माझ्या हाती आलं त्या सकाळी.
कधी हूं की चूं नाही.
आता त्याच्या वाटेनं पाणी झिरपून
नजरेच्या ऐन मधल्या जागी पडद्यात साचलंय,
ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा फुगतो तसं.

पाणी येतं कुठून?
"खरं सांगू? नक्की कुणालाच ठाऊक नाही.
कुणी म्हणतं डोळ्यातल्या गराचं,
कुणी म्हणतं मेंदूभोवतीचं."
तिथंच मी फॉर्मवर सही केली.
विश्वामित्री चढली की आमच्या कारेलीबागेतल्या गोदामात पाणी येतं,
आणि पालिकेचा माणूस दर वर्षी
ठाम चेहऱ्यानं नवं कारण सांगून जातो.

टेबलावर मी जागी होते. दुखलं नाही.
पण दिसत राहिलं, त्याची तयारी नव्हती:
उजेडात एक काळी काडी पोहत आली,
थांबली, काहीतरी पीत राहिली.
गर काढला. खळग्याच्या काठानं लेसरचे ठिपके,
कच्चा टाका घालतात तसे.
मग रिकाम्या जागेत वायू भरला.
विमान नाही, घाट नाही,
पावागडसुद्धा नाही, बुडबुडा जिरेपर्यंत.
आणि पाच दिवस पालथं.

पाच दिवस मी फक्त फरशी आणि पावलं ओळखली.
नणंदेच्या जोडव्यातलं एक सैल झालंय,
हे मला चौदा वर्षांत कळलं नव्हतं.
निळी नखं आली की जयंतीभाई.
ते खुर्चीखाली सेव-उसळीचा डबा ठेवायचे,
वास माझा, उसळ बाकीच्यांची.
दूध नळीनं.
रात्री मान अशी दुखायची
की मी खळग्याला शिव्या दिल्या, मोठ्यानं,
आणि मग त्याला म्हटलं, बाबा रे, तू तरी काय करणार.

दहाव्या दिवशी सरळ बसले
आणि डाव्या डोळ्यात, अगदी वर, एक रेघ दिसली.
वर स्वच्छ पट्टा, खाली धुरकट डुचमळ.
मी मान कलती केली, रेघ आडवीच.
दुसऱ्या बाजूला केली, तरी आडवीच.
गवंड्याच्या पाणसळीसारखी.
चार महिन्यांत पाहिलेली पहिली सरळ रेघ,
आणि ती कुठल्याच कागदावर नव्हती.
मला हसू आलं. नणंद घाबरली.

रोज ती थोडी खाली उतरायची,
पडवळाच्या वेलाला रोज किती चढला बघावं
तशी मी तिला बघायची.
शेवटी खाली मोहरीएवढा गोल राहिला.
एका गुरुवारी तोही नव्हता.

तेरावीला अजून बारीकसं पोक आहे.
डॉक्टर म्हणते, वर्ष लागेल,
आणि सगळं परत येईलच असं नाही.
ती तीन रिमं जयंतीभाईंनी विकली नव्हती,
वह्या बांधून ठेवल्या होत्या.
मी डावा डोळा झाकून पानं उलटली.
सुतात, एकूण एक.

शनिवारी त्यांना घेऊन दांडिया बाजारात गेले.
चष्म्याचा नंबर खरंच निघाला.