एसी बंद करून

हिद्दला, जुलैत, रात्री साडेनऊला
मी म्हटलं, एसी बंद करावा लागेल.
मायक्रोफोनला घरघर आधी ऐकू येते, माणूस नंतर.
सहा खाटा, आठ माणसं.
कुणी काही बोललं नाही.
याकूब धनसे, मुक्काम म्हसळा,
एकवीस वर्षं बहारीनमध्ये एसी मेकॅनिक,
उठला आणि त्यानेच बटण दाबलं.
खिडकीतलं यंत्र दोनदा हिसडलं,
मग गप्प.

मी विचारलं, घराची आठवण येते?
तो म्हणाला, गॅस गळायला लागला ना
की वास नंतर. आधी आवाज.
सापाचं पिल्लू असावं तसा, बारीक.
मी मान डोलावली. डोलावलेली मान
रेकॉर्ड होत नाही, हा आमच्या धंद्यातला फायदा.
पुन्हा विचारलं.
तो म्हणाला, बेअरिंग ओरडलं की मालक म्हणतो नवीन बसव.
मी कान लावतो. कधीकधी दोन थेंब तेल पुरतं.
तिसऱ्यांदा विचारलं.
कोपऱ्यात कुणीतरी खाकरलं.
"येते," तो म्हणाला.

निघताना चाळीस सेकंद
खोलीचा नुसता आवाज घ्यायचा असतो.
हे कुणाला समजावणं कठीण.
बोलणं कापलं की भोक पडतं,
तिथे ठिगळ लावायला शांतता लागते,
त्याच खोलीची, त्याच रात्रीची,
दुसरी चालत नाही.
आठही जण उभे राहिले
शाळेत श्रद्धांजलीला उभं करतात तसे.
कुणाच्या तरी हनुवटीवरून थेंब पडला
प्लास्टिकच्या ताटलीवर.
तो फाईलीत आहे.

भाग सोमवारी द्यायचा होता.
खाकरणं काढलं.
"येते"च्या आधी पाच सेकंद थांबवलं त्याला,
खाली चेलो सोडला, हळूच.
ती चाळीस सेकंदं सापडेनात घाईत,
म्हणून माझ्या जुफेरच्या फ्लॅटमधली शांतता लावली.
माझा एसी मी बंद केला नव्हता.
मंद ठेवला होता.
इतकं कोण ऐकतं.

पुण्याच्या एका समीक्षकाने लिहिलं,
'एका शब्दात एकवीस वर्षं.'
कुणी लिहिलं, 'तो विराम! अंगावर काटा.'
मी ते वाक्य दोघांना पाठवलं. तिघांना.

याकूबचा फोन आठवड्याने आला.
"ताई, एक विचारू?
नवव्या मिनिटाला एसी कसा काय चालू झाला?
आमचा तर बंद होता.
आणि आमचा विंडो. हा स्प्लिट हाय,
दीड टनी. फिल्टर धुवायला झालाय त्याचा."

मी काही बोलेपर्यंत तो पुढे गेला होता,
तक्रार नव्हती,
झाकण उघडून दोष दाखवावा तसं.
"आणि 'येते'च्या आधी सुलेमान खाकरला होता.
त्याची पहाटे चारची पाळी.
तो खाकरला म्हनून मी 'येते' बोललो.
नायतर तुम्ही उठला नसता."

मी म्हटलं, म्हणजे, आठवण येत नाही?
तो हसला.
"बघा. परत विचारलंत."

खाकरणं आता जागेवर आहे.
चेलो काढला. पाच सेकंदांचं झालं अर्धं सेकंद,
"येते" धाडकन येतं आणि जातं,
त्याच्या आधी गॅस आहे, बेअरिंग आहे, तेल आहे,
चार मिनिटं नुसतं तेच,
आणि खाली, सलग, ती आठ जणांची खोली.
ताटलीवरचा थेंब ऐकायला हेडफोन लागतात.
भाग बराच बिघडलाय, असं संपादक म्हणाले.
असेल.

शुक्रवारी याकूब येतोय
फिल्टर धुवायला.
एसी बंद करावा लागेल.